भिंतीपलीकडची मालिका

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
रिटायर होऊन तीन दिवस झाले. आजपासून रोजनिशी. खात्यात चौतीस वर्षं रोज दौऱ्याचा अहवाल लिहिला, हाताची सवय मोडायला नको. वजनमापे निरीक्षक म्हणून माझा दरारा असा होता, की मी बाजाराच्या एका टोकाला दिसलो की दुसऱ्या टोकाचे काटे आपोआप बरोबर व्हायचे. आता या अनुभवाचा फायदा घराला मिळणार. सौ.चं नशीब.

संकल्प : रोज चालणे. घराची घडी बसवणे. सौ.शी गप्पा मारणे. शेवटचा सगळ्यांत सोपा. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, वेळेअभावी राहून गेला एवढंच.

संध्याकाळी ७
गप्पा सुरू केल्या. मी म्हणालो, आज दूध लिटरमागे वीस मिली कमी आलं. ती म्हणाली, हं. मी म्हणालो, म्हणजे महिन्याला सहाशे मिली, फेब्रुवारी सोडून. ती म्हणाली, हो का. सुरुवात चांगली झाली.

चालायला उद्यापासून.

५ फेब्रुवारी, बुधवार
रोज दुपारी तीन वाजता आमच्या हॉलमध्ये बैठक भरते, हे मला आजवर माहीतच नव्हतं. मी ऑफिसात असायचो ना. शेजारच्या शिवणवाल्या वहिनी आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई येतात. नर्सबाईसुद्धा रिटायर आहेत, पण अजून दिसेल त्याची नाडी बघतात. अकरा वर्षं ही बैठक चालू आहे म्हणे. चहा, मग टीव्हीवरच्या मालिकेची चिरफाड, मग गावगप्पा, मग पेपरातल्या बातम्या.

आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकलं. मालिकेतल्या सासूचा आवाज सौ. हुबेहूब काढते. तिघी हसून हसून लोटपोट. सौ. एवढी हसते हे बघायला मी बाहेर आलो. हसणं थांबलं. बहुधा आदराने.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आजपासून बैठकीत रीतसर सामील. खुर्ची घेऊन बसलो, वही घेतली. वहिनी म्हणाल्या, नायिकेला दिवस राहिलेत, बिचारीवर शंभर संकटं. मी मागचे भाग मोजून ठेवले होते. त्यांना सांगितलं की संकटं अकरा आहेत, आणि बाईला दिवस राहून चौदा महिने झालेत. माणसाला नऊ लागतात. खात्री करावी म्हणून नर्सबाईंकडे पाहिलं. त्या चहात बघत होत्या.

मग पुलाची बातमी निघाली. उद्घाटन झालेल्या पुलाला आठ दिवसांत भेग पडली. वहिनी म्हणाल्या, हातभर भेग. मी विचारलं, कुणाचा हात? सगळ्या गप्प झाल्या. अचूक प्रश्नाचा असा परिणाम होतो. खात्यातही व्हायचा.

बैठक आज चाळीस मिनिटांत आटोपली. एरवी दोन तास चालते. वेळेची केवढी बचत!

१० फेब्रुवारी, सोमवार
गावगप्पांचा विषय : जुन्या पाणीटाकीचा वॉचमन. हा माणूस म्हणे कित्येक वर्षांपूर्वी टाकीवर ड्युटी करता करता वारला. पण अजूनही पाणी सुटायच्या आधी कधी कधी त्याची शिट्टी ऐकू येते, आणि ज्याला ऐकू येते त्याच्या घरी चांगली बातमी येते. नर्सबाईंनी एकदाच ऐकली. त्या संध्याकाळी त्यांचा घर सोडून गेलेला मुलगा परत आला. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला. सौ.ने त्यांचा हात धरला.

मला स्वस्थ बसवेना. उद्या पाणीखात्यात जाऊन छडा लावतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
छडा लागला. दोन दिवस खेटे घातले, पण सहीशिक्क्याचं पत्र आणलं. टाकीवर एकही वॉचमन मयत झाल्याची नोंद नाही. शिट्टीचा आवाज म्हणजे व्हॉल्व्हमधली हवा. बैठकीत पत्र मोठ्याने वाचलं. जावक क्रमांकासकट.

नर्सबाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत भाऊ. लगेच उठून गेल्या. आभार मानायची त्यांची पद्धत तुटक आहे.

सौ.ने जेवण वाढलं. मीठ जास्त पडलं होतं. तिला म्हणालो, चिमूटभर हे माप नव्हे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
बैठकीत मरगळ जाणवली. उत्साह यावा म्हणून मालिकेचा शेवट इंटरनेटवर शोधून त्यांना सांगून टाकला. जुळी बहीणच खुनी. आता उरलेले दोनशे भाग बघायची गरज नाही. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही म्हणजे अगदी धन्य आहात. मी म्हणालो, त्यात काय एवढं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
बैठक आता शेजारी, वहिनींच्या घरी. त्यांना शिवणाचं काम पडलंय, मशीन सोडता येत नाही म्हणे. मला बोलावणं नाही. पुरुषमाणसाला संकोच वाटेल म्हणून असेल.

हरकत नाही. मोकळ्या वेळात सौ.च्या सात चिमट्या काट्यावर मोजल्या. मोजण्यापुरत्या तिच्याकडून मागून घेतल्या होत्या. कमीत कमी ०.३ ग्रॅम, जास्तीत जास्त ०.६. तफावत शंभर टक्के! तिने एकोणतीस वर्षं या मापाने स्वयंपाक केला आणि मी खाल्ला. अर्ध्या ग्रॅमचा चमचा आणून दिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३.४०
स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या कपाटामागची भिंत वहिनींच्या आणि आमच्या घरात सामाईक आहे. ताटं बाजूला सारून कपाटात डोकं घातलं की पलीकडचं स्पष्ट ऐकू येतं. ऐकायचं म्हणून नाही, वाटी शोधत होतो.

त्यांनी नवी मालिका धरलेली दिसते. वहिनींचं पहिलं वाक्य मशीनच्या खडखडाटात गेलं. मग ऐकू आलं ते असं : हं, तर मग साहेबांनी काल काय केलं? आणि सौ. गोष्ट सांगू लागली. एक साहेब आहे आणि त्याची बाई आहे. साहेब म्हणे बाईकडून मीठ मागून घेतो आणि चिमटी मोजतो! तिघी एवढ्या हसल्या की मशीन बंद पडलं. मीसुद्धा हसलो. काय एकेक लेखक असतात. अर्थात साहेबाला पद्धत नाही. मीठ ओलसर असतं, आधी वाळवायला हवं. मी वाळवलं होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
चौदाही चॅनल बघितले. ही मालिका कुठेच नाही. सौ. मोबाइलवर बघत असणार. सरळ विचारावं तर कपाटात डोकं घातल्याचं सांगावं लागेल. नको.

डब्यांना लेबलं लावली. नाव, वजन, भरल्याची तारीख. सौ. म्हणाली, मला कळतं हो कुठल्या डब्यात काय आहे. म्हणालो, तुला कळतं, पण उद्या तू नसलीस तर?

तिने हातातला डबा परत फळीवर ठेवला.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आजच्या भागात साहेबाने डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. निव्वळ योगायोग. की लेखक आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतो? चॅनलला पत्र लिहायला हवं, म्हणजे आधी चॅनल शोधायला हवं.

कपाटात मान अवघडते. स्टूल ठेवलं, वर उशी.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सौ. कणीक मळताना गुणगुणते. आज लक्ष देऊन ऐकलं. प्रत्येक वेळी वेगळ्या पट्टीत सुरू करते. तिच्या भल्यासाठी सांगितलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
त्या बाईचं गाणं बंद झालं. साहेब काहीतरी बोलला म्हणे. ऐकून फार वाईट वाटलं. एवढीशी गोष्ट, पण बाईला तेवढाच विरंगुळा होता. काही माणसांना काय बोलावं कळत नाही.

आमच्या सौ.चाही आवाज आज आला नाही. घसा बसला असेल. गुळण्यांना कोमट पाणी दिलं, दोनशे मिली.

३ मार्च, सोमवार
तांदूळ मोजायची एक जुनी वाटी होती. पितळी, काठाला पोचा पडलेला. मोजली तर १८७ मिली! हे कुठल्याच मापात बसत नाही. भंगारवाल्याला देऊन टाकली. त्या जागी शिक्क्याचं अस्सल माप ठेवलं, दोनशेचं. सौ. भाजी आणायला गेली होती. आल्यावर बघेल आणि चकित होईल.

संध्याकाळी : चकित झाली. जागच्या जागी बसली.

४ मार्च, मंगळवार
आजच्या भागात कुणी हसलं नाही. मशीनचाही आवाज नव्हता. साहेबाने बाईच्या आईची वाटी भंगारात दिली. आई गेली तेव्हा बाईने माहेरून तेवढी एकच वस्तू आणली होती. रोज तांदूळ काढताना तिला आईचा हात लागल्यासारखं वाटायचं. हे सांगताना सौ. स्वतःच रडली. मालिकेत इतकं गुंतू नये, पण खरं सांगायचं तर साहेबाचा असा संताप आला की हातातलं ताट वाजलं. पलीकडे एकदम शांतता. मी ताट हळूच खाली ठेवलं.

निदान विचारायचं तरी! आमचं प्रकरण वेगळं. ती वाटी बाईच्या आईची होती, आमची नुसती जुनी होती.

एक क्षण काहीतरी आठवल्यासारखं झालं. तेवढ्यात चहा उतू गेला.

५ मार्च, बुधवार
स्टुलावरची उशी सौ.ने धुतली, अभ्रा बदलला आणि परत तिथेच ठेवली. काही विचारलं नाही. ही बायको म्हणजे खरंच गाय आहे.

१० मार्च, सोमवार
कथानकाला वळण. बाईची मुलगी परगावी नोकरी करते. आईसाठी तिने खोली तयार करून ठेवलीय. खिडकीत कुंड्या, समोर मोकळी जागा. आई, ये म्हणते, कायमची ये. नर्सबाई म्हणाल्या, जावं. वहिनी म्हणाल्या, जावं. पण बाईचा पाय निघत नाही. का, तर तिने विचारलं आणि साहेब नाही म्हणाले तर? आणि न विचारता गेली तर त्यांना लागेल. साहेब वाईट नाहीत हो, असं सौ. दोनदा म्हणाली. नुसती मापाची सवय झालीय त्यांना. माणूस समोर आहे हे दिसतच नाही.

काय वाक्य आहे! लिहून ठेवलं.

आमच्याही मुलीचा फोन आला होता. तीही परगावी असते. आईशी तासभर बोलली, माझ्याशी एक मिनिट दहा सेकंद.

१२ मार्च, बुधवार
त्या बाईचा निकाल लागत नाही. दोन दिवस तेच तेच. मला चैन पडेना. चालायला गेलो नाही. (अजून एकदाही गेलेलो नाही. उन्हं वाढली.) त्या साहेबाला कुणीतरी खडसावायला हवं. उद्या जेवताना सौ.शी या विषयावर बोलणारच. कपाटाचं कळलं तर कळलं.

१३ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ८.३०
आज गप्पा झाल्या! खऱ्या गप्पा! सविस्तर लिहितो.

ती वाढत असताना मी म्हणालो की तुमच्या त्या बाईने जावं असं माझं मत आहे. सौ.च्या हातातली पळी थांबली. कुठली बाई, असं तिने विचारलं नाही. मी म्हणालो, भिंतीतून सगळं कानावर येतं, तुला माहीतच आहे. ती म्हणाली, हो, माहीत आहे. मग समोर बसली. एरवी मला वाढून झाल्यावर बसते.

मी विचारलं, बाईला साहेबाचा राग येतो का? ती म्हणाली, आधी यायचा. आता नाही येत. आता नुसती दमलीय. मी विचारलं, साहेबाने नेमकं काय करायला हवं होतं? तिने बराच विचार केला. म्हणाली, काही नाही. ती बोलत असताना तिला दुरुस्त न करता एकदा पूर्ण ऐकायला हवं होतं. मी म्हणालो, एवढंच? ती म्हणाली, एवढंच.

मग आपणहून बोलत राहिली. बाई लग्न होऊन आली तेव्हा कशी होती, कशी चुरुचुरु बोलायची. एकदा साहेबांना टाकीच्या वॉचमनची गोष्ट सांगायला गेली तर ते घड्याळाकडे बघत होते, तेव्हापासून त्यांना काही सांगायचंच सोडलं. दुपारी तीन वाजण्याची वाट बघत तिने अकरा वर्षं काढली. मी मध्ये एकदाही बोललो नाही. मालिकेबद्दल होतं म्हणून जमलं. एरवी टोकलं असतं, तिने तीन तारखा चुकवल्या होत्या.

मी म्हणालो, वाटी शोधून आणता येणार नाही का? ती म्हणाली, भंगारात गेलेली वस्तू वितळते हो.

शेवटी मी ठामपणे सांगितलं : तिने जावं. कुणाला विचारत बसू नये. मी साहेबाच्या जागी असतो तर मीच म्हणालो असतो, जा, सुखाने राहा, माझी काळजी करू नकोस. ती म्हणाली, खरंच म्हणाला असतात? मी म्हणालो, शिक्का मारून देतो.

तिचे डोळे भरून आले. माझ्या हातावर हात ठेवला. लग्नानंतर असा कितव्यांदा, ते मोजता येईल, पण आज मोजायची इच्छा नाही.

बावन्न मिनिटं झाल्या गप्पा. तिसरा संकल्प पूर्ण!

१६ मार्च, रविवार
सौ. सकाळी मुलीकडे गेली. एकदम ठरलं. मी म्हणालो, जा की, बदल होईल. फार तर पंधरा दिवस राहील, त्यासाठी दोन बॅगा, बायकांचं असंच. वजन केलं : एकतीस किलो चारशे. स्टँडवर सोडायला वहिनी आणि नर्सबाई दोघी. तिघी रडल्या. मालिका बघून बघून अशा झाल्यात.

बस सुटायच्या आधी सौ. खिडकीतून म्हणाली, तुम्ही त्या दिवशी बोललात, फार बरं वाटलं. म्हणालो, अगं त्यात काय.

१७ मार्च, सोमवार. दुपारी ३.२०
कपाटात फक्त मशीनचा आवाज.

१९ मार्च, बुधवार
आजही तेच. बाईचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. सौ.ला फोन केला तर मुलीने उचलला. आई कुंड्यांना पाणी घालतेय म्हणाली.

२१ मार्च, शुक्रवार
न राहवून शेजारी गेलो. वहिनींनी दार उघडलं, गळ्यात टेप. विचारलं, तुमची ती मालिका बंद पडली का? त्या म्हणाल्या, बंद नाही पडली भाऊजी, संपली. म्हणालो, शेवट काय झाला? त्यांनी गळ्यातला टेप काढून गुंडाळला. मग म्हणाल्या, शेवट चांगला झाला. साहेब शेवटी मोठ्या मनाचे निघाले, बाईला आपणहून जा म्हणाले. खोटं का बोलू, आम्हाला अजिबात वाटलं नव्हतं. मग म्हणाल्या, बसा ना, चहा टाकते.

बसलो नाही. जिन्यात थांबलो. वर जायचं की खाली, पटकन सुचेना. आमचं दार समोरच होतं.

२२ मार्च, शनिवार. पहाटे
झोप नाही. ही वही पहिल्यापासून चाळली. खात्यात असंच करायचो, दोन रजिस्टरं शेजारी ठेवून तपासायचो. चिमूट १७ ला, मालिकेत १८ ला. लेबलं १९, मालिकेत २०. गाणं २४, २५. वाटी ३, ४.

एक दिवसाचा फरक आहे. सगळीकडे.

सकाळी ११
भंगारवाल्याकडे गेलो. पहिल्यांदाच चाललो, दोन किलोमीटर असेल. तो म्हणाला, साहेब, पितळ त्याच आठवड्यात गेलं. मला साहेब म्हणाला.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी
ठरवलं. फोन करायचा, सरळ सांगायचं, की मी जे बोललो ते मला मालिकेबद्दल वाटलं होतं. तुझ्याबद्दल आहे हे कळलं असतं तर जा म्हणालो नसतो. चूक झाली, परत ये. कागदावर लिहून घेतलं. चार वाक्यं. दोनदा वाचून बघितलं.

मुलीने फोन उचलला. म्हणाली, बाबा, मला तुमच्याशी बोलायचंच होतं. मला तुमचा फार राग होता, लहानपणापासून. पण आईने सांगितलं तुम्ही कसं केलंत ते. तिला विचारायची वेळच येऊ दिली नाहीत. तिला अवघड वाटू नये म्हणून मालिकेचं निमित्त केलंत, आडून सुचवलंत. आई म्हणते, एकोणतीस वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं, या माणसाला मी दिसते. येईल जाईल त्याला सांगत असते.

मग फोन सौ.कडे दिला. मागे कुकरची शिट्टी झाली. ती कुणाला तरी काहीतरी म्हणाली आणि हसली. तसंच, पाच फेब्रुवारीला हसत होती तसं. मग म्हणाली, अहो, एक विचारू? तुम्हाला सगळं कळत होतं ना? वाटीचं, गाण्याचं? कपाटात बसून ऐकत होतात तेव्हा कळत होतं ना?

कागद हातातच होता.

म्हणालो, हो, कळत होतं.

ती म्हणाली, मला वाटलंच. मग तिने विचारलं, जेवलात का. त्यालाही हो म्हणालो.